पीएसआय सोडून ठशांच्या मागे लागले
प्रोजेक्टला गुन्हे तपासातलं करिअर हा विषय घेतला तेव्हा डोक्यात फक्त पीएसआय होता, म्हणजे एमपीएससी द्यायची नि वर्दी घालायची, पण वाचत गेले तसं कळलं की पंचनामा नीट नसेल, मुद्देमालाचं सील धड नसेल तर कोर्टात केस टिकणं अवघड. १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (गुन्ह्याचा तपास नि खटला कसा चालवायचा याचा नवा कायदा) तर ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचंच असं आहे, राज्यांना त्यासाठी ५ वर्षांची मुदत दिलीये. म्हणजे माणसं लागणारच ना!

आणि जगातल्या अगदी पहिल्या फिंगरप्रिंट ब्युरोंपैकी एक, म्हणजे बोटांच्या ठशांच्या नोंदी ठेवणारं ऑफिस, १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झालं! अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचं वर्गीकरण बसवलं, नाव मात्र त्यांचा इंग्रज साहेब, पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्रीचं लागलं, मला फार वाईट वाटलं. आता मला ठसेतज्ज्ञच व्हायचंय, आईला अजून सांगायचंय.