कर्ज फेडताना मदत मागायची ती कसली आणि कोणाकडे

हप्त्यांनी हैराण झालेला माणूस मदत मागायला निघतो, तेव्हा बहुतेक वेळा तो पैसेच मागतो. मेहुण्याकडून हातउसने, ऑफिसातल्या मित्राकडून महिनाअखेरपर्यंतचे, नाहीच जमले तर मोबाइलवरच्या एखाद्या ॲपवरून दहा मिनिटांत मिळणारे. त्या पैशांतून चालू महिन्याचा हप्ता भागतो आणि पुढच्या महिन्यात घेणेकऱ्यांच्या यादीत आणखी एक नाव वाढलेले असते. सहकारी बँकेच्या कर्ज व वसुली विभागातून निवृत्त झाल्यापासून ओळखीची माणसे आपापले कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून माझे मत पक्के झाले आहे की अशा माणसाला सर्वांत आधी लागते ती शेजारी बसून सगळा हिशेब एका कागदावर मांडायला लावणाऱ्या माणसाची सोबत. पैशांचा विचार त्यानंतर करायचा असतो.

हा कागद मांडणे ऐकायला सोपे वाटते, पण प्रत्यक्षात तेच सर्वांत अवघड जाते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम करणारा एक तरुण गेल्या वर्षी पत्नीसह माझ्याकडे आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पगार महिना 46,000 रुपये. ‘किती कर्ज आहे?’ असे विचारल्यावर त्याने फक्त बँकेच्या वैयक्तिक कर्जाचा आकडा सांगितला. मी कोरा कागद पुढे केला आणि प्रत्येक देण्यासाठी घेणेकऱ्याचे नाव, शिल्लक मुद्दल, व्याजाचा दर, महिन्याचा हप्ता, थकलेले हप्ते आणि जामीनदार असे रकाने आखायला सांगितले. वैयक्तिक कर्जाचा हप्ता 11,200, पगारदार पतसंस्थेची कपात 6,000, फ्रिज आणि मोबाइलचे मिळून 3,900, आधीच उचललेल्या भिशीचे 5,000, दोन क्रेडिट कार्डांवर किमान भरणा म्हणून सुमारे 7,000 आणि दोन ॲपचे मिळून 9,500. बेरीज 42,600 झाली. घरभाडे, किराणा आणि मुलीची शाळा अजून कागदावर यायचीच होती. दोन ॲपची नावे लिहिताना तो थांबला आणि पत्नीकडे न पाहता म्हणाला, ‘हे हिला माहीत नाही.’ त्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘अहो, अजून काही असेल तर आत्ताच लिहा, एकदाच काय ते कळू दे.’ माझ्या मते त्यांच्या कर्जफेडीची खरी सुरुवात त्या वाक्याने झाली. जोडीदारापासून लपवलेले कर्ज फेडण्यासाठी माणूस नवे कर्जही लपवूनच काढतो, आणि असे घाईने व गुपचूप काढलेले कर्ज हमखास महागाचे असते.

यादी झाली की व्याजाच्या दराप्रमाणे ती उतरत्या क्रमाने लावावी. तसे केल्यावर क्रेडिट कार्ड जवळजवळ नेहमीच वरच्या टोकाला जाते. अनेक कार्डांवर थकीत रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे 42 टक्के व्याज लागते, आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा. एक लाख रुपये थकले असतील तर एका महिन्याचे व्याज 3,500 आणि त्यावरचा कर 630, असे 4,130 रुपये होतात. ‘किमान देय रक्कम’ म्हणून पाच हजार भरले, तर मुद्दलातून 870 रुपये कमी झाले. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणून त्याच कार्डावर भरलेला किराणासुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजाने येतो. तेच एक लाख 14 टक्के दराच्या तीन वर्षांच्या कर्जात बदलून घेतले तर हप्ता सुमारे 3,420 रुपये बसतो आणि 36 महिन्यांत देणे संपते. महिन्याला कमी पैसे भरूनही कर्ज फिटते आहे, हे आकड्यांत समोर दिसले की माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

या तरुणाच्या बाबतीत पतसंस्थेने जुने कर्ज वाढवून दिले आणि त्या पैशांतून दोन्ही कार्डे निरंक केली. जामीनदार होणाऱ्या दोन सहकाऱ्यांना सगळी परिस्थिती आधी सांगावी, अशी अट मी घातली होती. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि सहकार कायद्याच्या कलम 101 खालील वसुली दाखला निघाला तर त्याच्याही पगाराला हात लागू शकतो, हे सही करणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे. कार्डे बंद करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात लेखी दिला. काहीही बाकी नसताना असा अर्ज दिल्यास सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेला बंधनकारक आहे, आणि त्यापुढे उशीर झाला तर बँक ग्राहकाला दिवसाला 500 रुपये दंड देणे लागते. कार्ड चालू ठेवून महागाचे कर्ज स्वस्त कर्जात बदलणे धोक्याचे आहे, कारण वर्षभरात दोन्ही देणी उभी राहिलेली मी पाहिली आहेत. ॲपचे देणे मात्र त्या बाईंनी स्वतःची सोनसाखळी मोडून भागवले. हा निर्णय त्यांचा होता. सोने गहाण ठेवावे की मोडावे, असे मला कोणी विचारले, तर ज्याच्या पगारातून नवा हप्ता निघणारच नाही त्याने गहाण ठेवून व्याज भरत बसू नये, असे मी स्पष्ट सांगतो.

उत्पन्नच बुडाले असेल, नोकरी गेली असेल किंवा घरात मोठे आजारपण आले असेल, तर हप्ता चुकण्याआधीच बँकेला लेखी कळवावे. मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा काही महिने सवलत देणे बँकेला शक्य असते, आणि थकीत होण्याआधी आलेल्या अर्जाकडे अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून अनुभवले आहे. अर्जासोबत तो हिशेबाचा कागद, पगाराची चिठ्ठी आणि ‘दरमहा मी इतके नक्की भरू शकतो’ असा एक आकडा द्यावा. खातेउताराही मागून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या परिपत्रकानुसार कर्जाच्या हप्त्याला उशीर झाल्याचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही आकारता येत नाही. क्रेडिट कार्डांना हा नियम लागू नाही, पण बाकीच्या कर्जांच्या उताऱ्यात हे तपासून पाहावे.

वसुलीच्या फोनांनी माणूस खचतो, तेव्हा त्याला कायद्याची माहिती देणे हीसुद्धा मोठी मदत असते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. कर्जदाराला धमकावणे, चारचौघांत त्याचा अपमान करणे, नातेवाईक आणि मित्रांना त्रास देणे या सगळ्याला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. फोनची तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवावेत आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. 14448 या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. फोटोत फेरफार करून बदनामीची धमकी देणाऱ्या बनावट ॲपवाल्यांची तक्रार मात्र थेट पोलीस ठाण्यात आणि 1930 या सायबर क्रमांकावर करावी.

‘उद्या पोलीस येऊन घेऊन जातील’ ही वसुली एजंटची आवडती धमकी आहे. निव्वळ हप्ता थकल्याने कोणाला अटक होत नाही, ती दिवाणी बाब आहे. पण दिलेला चेक न वटल्यास चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम 138 खाली आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेल्यास 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली फौजदारी खटला होऊ शकतो. म्हणून न्यायालयाचे समन्स किंवा वकिलाची नोटीस आली तर ती कपाटात टाकू नये. महिलांना उत्पन्नाची अट न लावता, आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेल्यांनाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, तरीही फार थोडे लोक तिथवर पोहोचतात, याचे मला वाईट वाटते.

आता ज्या मदतीपासून जपून राहावे तिच्याविषयी. ‘तुमचे कर्ज निम्म्यावर आणून देतो’ अशा जाहिराती करणाऱ्या काही कंपन्या आधी स्वतःची फी घेतात, कर्जदाराला हप्ते भरणे बंद करायला सांगतात आणि बँक तडजोडीला येईपर्यंत थांबायला लावतात. त्या काळात दंड वाढतो, पतअहवाल, म्हणजे आपण कर्जे कशी फेडली याची नोंद, बिघडतो, जामीनदाराच्या दारात नोटीस जाते आणि तडजोड होईलच याची हमी कोणीच देत नाही. जे बोलणे कर्जदार स्वतः शाखेत जाऊन करू शकतो, त्यासाठी अडचणीतल्या माणसाकडून हजारो रुपये घेणे मला अन्यायाचे वाटते. एकरकमी तडजोडीचा मार्ग खरोखरच उरला असेल, तर लोकअदालतीत जावे. तिथे झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंतिम असतो आणि त्यावर अपील नसते. लोकअदालतीबाहेर तडजोड करायची असेल, तर बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही येणे राहणार नाही’ हे वाक्य आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, आणि पैसे एजंटच्या हातात न देता कर्जखात्यातच भरावेत. तडजोडीने मिटवलेले कर्ज पतअहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसते, पूर्ण फेडलेले ‘क्लोज्ड’ म्हणून, आणि पुढे घरकर्ज मागताना हा फरक आडवा येतो. बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केले म्हणजे ते माफ झाले, असाही एक गैरसमज आहे. ती बँकेची हिशेबातली नोंद असते, वसुलीचा हक्क तसाच राहतो.

आपल्याकडे ज्याच्याजवळ देण्यासारखे काहीच उरलेले नाही, त्याच्यासाठी कायद्याने अजून नीट दार उघडलेले नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत अगदी लहान कर्जदारांसाठी ‘नवी सुरुवात’ अशी तरतूद आहे, पण तिच्या अटी वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांपर्यंत आणि कर्ज 35,000 रुपयांपर्यंत इतक्या तुटपुंज्या आहेत, आणि सामान्य व्यक्तींसाठीचा तो भाग अमलातही आलेला नाही. या मर्यादा वाढवून तो भाग लागू व्हावा, असे मला मनापासून वाटते, कारण त्याअभावी माणसे खासगी सावकाराच्या दारात जातात. परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे हा 2014 च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, आणि सावकाराने पंधरा वर्षांच्या आत व्याजापोटी बळकावलेली जमीन परत मिळवण्याची सोयही त्याच कायद्यात आहे.

ज्यांच्या ओळखीत हिशेब मांडून देणारे कोणी नाही, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा समन्वय सोपवलेल्या बँकेकडे, आर्थिक साक्षरता केंद्राची चौकशी करावी. पुणे जिल्ह्यात ही बँक बँक ऑफ महाराष्ट्र आहे, तर सांगली आणि कोल्हापूरमध्ये बँक ऑफ इंडिया. तिथल्या सल्ल्याला पैसे पडत नाहीत. जाताना सर्व कर्जांचे खातेउतारे, सहा महिन्यांचे बँक पासबुक आणि पतअहवाल सोबत न्यावा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल मोफत देतात, आणि विसरलेले किंवा आपल्या नावावर दुसऱ्यानेच काढलेले कर्ज त्यातूनच उघडकीला येते. चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज दिल्यावर तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मागता येते. आणि कर्जाच्या चिंतेने झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर कागद गोळा करण्याआधी 14416 या ‘टेलिमानस’ मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर फोन करावा. तो दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.