आमची वाटचाल: पाला भरला आणि नेटवर्क गेलं

२००८ साली नाशिकच्या सातपूरला भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघांनी द्राक्षबागेतला ओलावा मोजून बिनतारी कळवणारी यंत्रं बनवायचं काम सुरू केलं. त्याच सुमारास आयआयटी मुंबईच्या मंडळींनी सुला या वाइन कंपनीच्या नाशिकच्या द्राक्षमळ्यात 'ॲग्रीसेन्स' हा वायरलेस सेन्सरचा प्रकल्प केला होता. म्हणजे कल्पना आमची नव्हती, तसा दावाही आम्ही कधी केला नाही. आमचा हट्ट एवढाच होता, की हे यंत्र निफाड-दिंडोरीच्या तीन एकरवाल्या बागाईतदाराला परवडलं पाहिजे आणि ते त्याच्या बांधावर येऊन दुरुस्त करता आलं पाहिजे.

२००९ च्या ऑक्टोबरात, गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) आटोपल्यावर, सहा बागांत मिळून आम्ही ४० नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेले डबे, बसवले. बागा उघड्याबोडक्या, नुसते ओलांडे (वेलीचे आडवे फाटे) आणि काड्या. रेंज अशी मिळाली की आम्ही खूश. दर पंधरा मिनिटांनी मातीचा ओलावा, पानाचा ओलेपणा, तापमान, आर्द्रता गाळ्यातल्या संगणकावर हजर.

मग ११ नोव्हेंबरला फयान चक्रीवादळ आलं. बागा नेमक्या फुलोऱ्यात. ओल्या पानावर वाढणाऱ्या डाउनी या बुरशीरोगाचं संकट डोक्यावर, पान किती तास ओलं राहिलं हे कळण्याची खरी गरज त्या आठवड्यात होती, आणि त्याच आठवड्यात ४० पैकी २७ नोड गप्प झाले. बॅटऱ्या चांगल्या, डब्यात पाणी नाही, सोल्डर पक्कं. तरी गप्प. बागाईतदार आंधळेपणानं फवारत राहिले, घड कुजले ते कुजलेच. त्याच हंगामात पुढे सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. मग आमच्या राहिलेल्या हप्त्यांचं नाव कोण काढणार? माझ्या भागीदारानं फेब्रुवारीत पुण्याला नोकरी धरली. मी त्याला दोष देत नाही. बायकोच्या पाटल्या मात्र मार्चमध्ये मोडल्या, हे लिहून ठेवतो.

त्या दिवसांत आमच्या मागे एकच माणूस उभा राहिला, निफाडकडचे नाना. त्यांची दीड एकर थॉमसन जातीची द्राक्षं जवळजवळ हातची गेली होती. तरी डिसेंबरात त्यांनी मला पहाटे पाचला बागेत बोलावलं. दव एवढं, की दहा पावलांत पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली. हातात रिसीव्हर घेऊन मी एकेका ओळीतून चालत होतो, नाना बॅटरी धरून पुढे. आठव्या ओळीत ते थांबले आणि म्हणाले, "पाला कोरडा झाल्यावर दुपारी हेच यंत्र बोलतं का नाही, ते बघ." दुपारी अकरा नोड बोलायला लागले.

कारण तिथंच होतं. आमचा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा. त्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे द्राक्षाच्या भरल्या पानाएवढी. पान म्हणजे पाणी. ऑक्टोबरात पान नव्हतं, नोव्हेंबरात भिंत उभी राहिली, वर दव आणि मांडवाच्या तारा. हे पुस्तकात होतंच. आम्ही चाचणी चुकीच्या महिन्यात केली. नवीन मुलांना माझं सांगणं आहे: रेंजची चाचणी छाटणीनंतर करू नका, पाला भरल्यावर पहाटे दवात करा. तिथं जे चालेल ते कुठंही चालेल.

आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून बिनपरवाना खुला आहे. लहर जवळजवळ पस्तीस सेंटिमीटरची, पाल्यातून बरी निघते. पुढच्या छाटणीपर्यंत मी सगळे बोर्ड नव्यानं केले आणि जुन्या सहाही बागाईतदारांना फुकट बदलून दिले. अँटेना बांबूवर नेली तर ब्लोअरच्या (फवारणीच्या) ट्रॅक्टरनं मोडायची, म्हणून ती मांडवाच्या अँगलवर पाल्याच्या वर घेतली. फवारणीतल्या बोर्डो मिश्रणानं (मोरचूद-चुना) आणि गंधकानं तांब्याचे सांधे हिरवे-काळे पडायचे, ते इपॉक्सीत बुडवले.

सेन्सर गाडणं हे वेगळंच काम. ओलावा मोजणारा जिप्समचा ठोकळा रात्रभर भिजवायचा. गिरमिटानं ड्रीपरपासून वीतभर अंतरावर भोक पाडायचं, निघालेल्याच मातीचा काला करून भोकात ओतायचा आणि ठोकळा ओलाच बसवायचा. घाईत नुसता खोचला तर भोवती हवा राहते, काळी जमीन भेगाळली की तो मातीचं नाही, हवेचं सांगतो. एक फुटावर एक आणि दोन फुटांवर एक, दोन्ही लागतातच. एकात भागवा म्हणणाऱ्याला मी यंत्र विकत नाही.

पडद्यावर आम्ही किलोपास्कल दाखवायचो, म्हणजे माती पाणी किती जोरानं धरून आहे ते. आकडा लहान म्हणजे ओल जास्त, हे उलटं गणित कुणाच्या गळी उतरत नव्हतं. नाना म्हणाले, "ते राहू दे. वाफसा हाये का नाही, तेवढं सांग." वाफसा म्हणजे माती ना चिखल ना कोरडी. त्यांच्याच हातानं माती दाबून बघत, त्यांच्या 'वाफसा'च्या वेळचे आकडे मी दोन हंगाम वहीत उतरवले. आज आमच्या मोबाइलवर ओल, वाफसा, ताण एवढे तीनच शब्द येतात. ताण दिसल्याशिवाय मोटर लावायची नाही. पाच एचपीची मोटर तासाला चार युनिटच्या आसपास खाते. न चालवलेला तास म्हणजे वाचलेली वीज आणि विहिरीत राहिलेलं पाणी. पान पुरेसा वेळ ओलं नव्हतं हे कळलं, तर डाउनीची एक फवारणीही टळते. हरित तंत्रज्ञान म्हणतात ते आमच्या लेखी हेच.

मधली वर्षं बरी गेली.

२०१४ मध्ये एक कंपनी बाजारात आली. आमचाच विक्रीचा मुलगा गिऱ्हाइकांची यादी घेऊन त्यांच्याकडे गेला. किंमत आमच्या निम्मी, प्रदर्शनात मोठा मंडप. मी त्यांचं यंत्र उघडून पाहिलं: मातीत दोन खिळे आणि त्यांच्यातून जाणारा विद्युतप्रवाह. ठिबकमधून झिरो बावन्न चौतीस हे खत सोडलं की क्षारामुळे प्रवाह वाढतो, आणि यंत्र म्हणतं ओल भरपूर आहे. मणी फुगवणीच्या दिवसांत लोकांनी त्यावर विश्वास ठेवून पाणी तोडलं. मी एका गावात दोन बादल्या भरून दाखवल्या. माती तीच, पाणी तेवढंच, एका बादलीत मूठभर झिरो झिरो पन्नास खत. आकडा डोळ्यांदेखत सरकला. लोकांनी माना डोलावल्या, पण तोवर ती कंपनी गाशा गुंडाळून गेली होती आणि फोन लागत नव्हता. लोकांचे पैसे बुडाले, आमची अब्रू. "सेन्सरवाले सगळे सारखेच" हे वाक्य मी त्यानंतर तीन वर्षं पिंपळगावपासून दिंडोरीपर्यंत ऐकलं. मी एकाही बागाईतदाराला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही, आणि तो गेला असं मी लिहिणार नाही.

म्हणून यंत्र घेणाऱ्यांना सांगतो: विकणाऱ्याला आधी विचारा, की खत सोडल्यावर आकडा किती हलतो. उत्तर न देता तो किमतीवर आला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

नानांची थॉमसन पुढे काढली, आता तिथं दुसरा वाण आहे. आठव्या ओळीतला डबा मात्र त्यांनी काढू दिला नाही. आत बोर्ड तीनदा बदललाय, झाकण पहिलंच आहे, बोर्डोनं निळं पडलेलं. गेल्या छाटणीला मी नवीन झाकण घेऊन गेलो होतो. नाना म्हणाले, "ते दुसऱ्याला दे. याचं बिजागर अजून चांगलं हाये."