तुम्ही विचारलंत म्हणून: सोलर कुठल्या कंपनीचं घेऊ?

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पॅनलं बसल्यापासून दर आठवड्याला कुणी ना कुणी मला थांबवून विचारतं, ‘बाई, आम्हालाही सोलर करायचंय. कुठल्या कंपनीचं घेऊ?’ बाई, कारण मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आता सोसायटीची सेक्रेटरी आहे. एखाद्या कंपनीचं नाव सांगून मला मोकळं होता येईल, पण त्यानं तुमचं काम होणार नाही. तुमच्या गच्चीवर सावली कुठे पडते आणि बिल किती युनिटांचं येतं, हे आधी कळायला हवं. कंपनीचा प्रश्न त्यानंतरचा आणि त्यामानानं सोपा.

सावलीपासून सांगते, कारण आम्ही तिथेच चुकणार होतो.

पहिला विक्रेता आला तो मे महिन्यात, भर दुपारी. गच्ची लख्ख, टाकीची सावली टाकीच्या पायाशी. त्यानं टेप लावून मापं घेतली आणि टाकीच्या उत्तरेकडची सगळी मोकळी जागा भरून 15 किलोवॉटचा आराखडा हातात ठेवला. कमिटी सही करायला तयार होती. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस इथे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. मधल्या काळात तर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे वर्षातली सगळ्यात आखूड सावली पाहून आमचा आराखडा झाला होता. हे मी इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. सही थांबवा म्हटलं, डिसेंबरपर्यंत वाट पाहू, दुपारची सावली सगळ्यात लांब तेव्हा पडते.

22 डिसेंबरला सकाळी खडूचा डबा घेऊन वर गेले. आमची टाकी जिन्याच्या खोलीवर आहे, गच्चीपासून 12 फूट उंच. सकाळी 9 वाजता तिची सावली वायव्येकडे जवळजवळ 30 फूट लांब पडली होती. खडूनं कडा आखली, वेळ लिहिली. दर तासाला पुन्हा. मुंबईत डिसेंबरात सूर्य मध्यावर येतो तो साडेबारानंतर, तेव्हाही सावली 11 फुटांची होती. चार वाजेपर्यंत गच्चीवर पंख्यासारखा आकार उमटला आणि ‘मोकळ्या’ जागेतला बराच भाग त्या पंख्याखाली गेला. उरली त्या जागेत 550 वॉटची 18 पॅनलं बसली. 9.9 किलोवॉट. तेवढीच बसवली.

पॅनलच्या कोपऱ्यावर थोडी सावली आली तर थोडीच वीज कमी होईल, असं वाटतं. तसं होत नाही. पॅनलमधले सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे चौकोन, एकामागोमाग एक जोडलेले असतात, सावलीनं अडलेल्या सेलमुळे सगळ्या रांगेचा प्रवाह अडतो. म्हणून पॅनलमध्ये बायपास डायोड असतात, ते अडलेला भाग वगळून प्रवाह पुढे नेतात. पण तो वगळलेला भाग बहुधा पॅनलचा एक तृतीयांश असतो. हल्ली हाफ-कट, म्हणजे अर्धे कापलेल्या सेलची पॅनलं मिळतात. उभी लावली आणि कठड्याची सावली फक्त खालच्या अर्ध्यावर आली, तर वरचा अर्धा भाग काम करत राहतो. हा खरा फायदा आहे, तशीच पॅनलं मागा. सावली टाळताच येत नसेल तर प्रत्येक पॅनलला वेगळा मायक्रोइन्व्हर्टर (पॅनलची वीज आपल्या वापराजोगी करणारं छोटं यंत्र) लावता येतो, खर्च मात्र वाढतो.

आणि शेजारच्या इमारतीकडे बघा. हे मुंबईत विसरून चालणार नाही. दक्षिणेची बैठी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि तिथे वीस मजले उठले, तर तुमची गच्ची हिवाळाभर अंधारात. स्वतःच्या इमारतीचंही तेच: पॅनलची कामगिरीची हमी 25 वर्षांची असते, तुमची इमारत तोवर उभी असणार आहे का? जनरल बॉडीत हा प्रश्न मीच विचारला आणि दोन सभा त्यावरच गेल्या. पाच वर्षांत बिल्डर येणार असेल तर मी तरी थांबा म्हणेन.

आता बिल. आपल्याकडे वापर वाढतो तसा पुढच्या टप्प्यातल्या युनिटचा दर चढतो: महिन्याला 100 युनिटांपर्यंत, मग 300, मग 500, मग त्यावर. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे मिळून आमचं सामाईक मीटर महिन्याला 1,100 ते 1,200 युनिटं घेतं, म्हणजे त्यातली निम्म्याहून जास्त सगळ्यात महाग दराची. सोलरनं आधी तीच वाचतात. ज्या घरात महिन्याला 90 युनिटं लागतात, त्या घरानं पॅनलच्या मागे धावू नये. शिवाय फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची गच्ची एकट्याची नसते, सोसायटीची परवानगी लागते. म्हणून मी सांगते, आधी सामाईक मीटरचं करा.

2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी पहिल्या 2 किलोवॉटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, असं जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000. त्यासाठी सेलसुद्धा भारतात बनलेली पॅनलं लागतात, कोटेशनमध्ये ‘डीसीआर’ असा शब्द शोधा. नसेल तर ते कोटेशन कितीही स्वस्त दिसो, अनुदान मिळणार नाही.

गरजेपेक्षा मोठी यंत्रणा घेऊ नका. नेट मीटरिंगमध्ये दिवसा उरलेली वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, जाते आणि तेवढी युनिटं तुमच्या नावावर जमा होतात, महिन्यामागून महिना पुढे सरकतात. पण 31 मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे फार कमी दरानं मिळतात. आमच्याकडे मे महिन्यात दिवसाला 48-50 युनिटं होतात, जुलैत पंचवीसच्या आसपास, आणि आभाळ भरून राहिलं तर 10 सुद्धा नाहीत. वर्षाचा हिशोब मांडा. विक्रेता उन्हाळ्यातल्या महिन्याचा आकडा बारानं गुणून दाखवतो.

पॅनल मोनो पर्क घ्यावं की टॉपकॉन (हे सेलचे दोन प्रकार), यावर लोक तासन्‌तास बोलतात. टॉपकॉन उन्हात थोडं कमी मंदावतं, इतका फरक आहे. पॅनलवरचे वॉट 25 अंश सेल्सिअसला मोजलेले असतात. आपल्या गच्चीवर पॅनल 60 अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशामागे पर्कची साधारण 0.35 टक्के वीज घटते. त्यापेक्षा पॅनलखालून वारा खेळेल इतकी उंची ठेवा. आमच्या सांगाड्याचे पाय सहा फुटी आहेत. खालून माणूस ताठ चालतो आणि उन्हाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या कुरडया-पापडांचं वाळवणही त्याच गच्चीवर होतं. त्यांचा विरोध होता, म्हणून जागा आखतानाच टाकीच्या पूर्वेचा तुकडा वाळवणासाठी सोडला.

मी पॅनलपेक्षा सांगाड्यावर जास्त पैसे घालायला सांगते. खाडीचा खारा वारा साध्या लोखंडाला दोन पावसाळ्यांत खातो. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) पाय, स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट, यात तडजोड नको. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा आमच्या मागच्या इमारतीचे पत्रे रस्त्यावर आले होते. मुंबईसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलेला आहे. सांगाडा त्या वेगाला टिकेल असं इंजिनिअरच्या सहीचं पत्र मागा. आणि वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या. पॅनलं बसल्यावर गच्ची गळायला लागली तर सगळं उतरवावं लागतं.

लाइट गेले की सोलरही बंद होतं, हे ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो. साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेल्या, बॅटरी नसलेल्या इन्व्हर्टरला तसं करावंच लागतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या तारेत तुमची वीज जाईल. लिफ्टसाठी बॅकअप हवा असेल तर त्याची वेगळी सोय करा.

आणि धुण्याची व्यवस्था. आमच्याकडे कबुतरं आहेत, शेजारी बांधकामाची धूळ आहे. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी पॅनल थंड असताना, मऊ ब्रश आणि साधं पाणी. हे कोण करणार ते ठरावातच लिहा. पॅनलखाली जाळी लावून घेतलीत तर कबुतरं घरटी करत नाहीत.

तर कंपनी नंतर ठरवू. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्या गच्चीची किल्ली मिळवून ठेवा आणि मला फोन करा. सकाळी आठला सुरुवात करू. खडू माझ्याकडे आहेत.