सहाव्या होलचा निवाडा

आयोवा राज्यातील सुमारे सात हजार वस्तीच्या एका गावाच्या नगरपरिषदेने आमच्या कार्यालयाला विचारलेला प्रश्न एका ओळीचा होता: नदीकाठच्या सार्वजनिक उद्यानातील नऊ होलचे डिस्क गोल्फ मैदान ठेवावे, की काढून टाकावे? उद्यानातील फिरण्याच्या वाटेवर डिस्क येऊन पडत असल्याच्या तक्रारी वाढत चालल्या होत्या आणि शेवटच्या तक्रारीतील डिस्क एका बाबागाडीच्या दांडीवर आदळली होती. बाळाला काही झाले नव्हते. पण परिषदेच्या पुढच्याच बैठकीत मैदान उखडून टाकण्याचा ठराव मांडला गेला आणि मतदानापूर्वी बाहेरच्या जाणकाराचे मत घ्यावे, असे ठरले. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. सार्वजनिक उद्यानांची पाहणी करून अहवाल देणे हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग असल्यामुळे हे प्रकरण माझ्या टेबलावर आले.

आपल्याकडे हा खेळ फारसा परिचित नाही, म्हणून थोडे सांगणे आवश्यक आहे. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात घालतात. येथे ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, डिस्क फेकायची आणि पुढे जात जात ती खांबाला लोंबणाऱ्या साखळ्यांच्या बास्केटमध्ये कमीत कमी फेकींत पोहोचवायची असते. टीपासून बास्केटपर्यंतच्या अशा एका टप्प्याला होल म्हणतात. मात्र ही डिस्क म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर मुले खेळतात ती फ्रिसबी नव्हे. तिचा व्यास साधारण २१ सेंटिमीटर आणि वजन १५० ते १७५ ग्रॅम असते, प्लास्टिक टणक असते आणि दूरच्या फेकीसाठी बनवलेल्या डिस्कची कड निमुळती असते. सराईत खेळाडूच्या हातून ती ताशी ६० मैलांच्या, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटरच्या वेगाने सुटते. हा मजकूर मी अहवालाच्या पहिल्याच पानावर घातला, कारण परिषदेतील निम्म्या सदस्यांच्या डोळ्यांसमोर समुद्रकिनाराच होता.

लहान गावांना हे मैदान परवडते, याची कारणे सरळ आहेत. एका बास्केटला चार-पाचशे डॉलर पडतात, जमीन सपाट करावी लागत नाही, पाणी घालावे लागत नाही आणि होलमागे साधारण एक एकर जागा मिळाली की काम भागते. ती जागाही बहुधा नदीच्या पूरक्षेत्रातली असते, जिथे दुसरे काही बांधताच येत नाही. शिवाय कॅन्ससमधील एम्पोरियाचे उदाहरण मध्य-पश्चिमेतल्या प्रत्येक नगरपरिषदेत केव्हा ना केव्हा निघतेच. जेमतेम चोवीस-पंचवीस हजार वस्तीच्या त्या गावाने या खेळाची व्यावसायिक जागतिक स्पर्धा २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये भरवली. आमच्या गावातही एका सदस्याने एम्पोरियाचे नाव घेतले होते. नऊ होलच्या, खडीच्या टी असलेल्या मैदानावर जागतिक स्पर्धा होत नसते, हे त्यांना सांगण्याची जबाबदारी माझी नव्हती, म्हणून मी सांगितले नाही.

मैदान दाखवायला गावातले एक निवृत्त शिक्षक आले. वीस वर्षांपूर्वी त्यांनीच देणग्या गोळा करून, माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून हे मैदान उभारले होते आणि आजही खांबांचे गंज खरवडण्यापासून पुरानंतर बास्केटमध्ये अडकलेला काडीकचरा काढण्यापर्यंत सगळे तेच करीत होते. चालता चालता त्यांनी मला एड हेड्रिक यांची गोष्ट ऐकवली. हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमस्वरूपी मैदान आखले, पुढच्याच वर्षी खेळाडूंची संघटना स्थापन केली, साखळ्यांच्या बास्केटचे पेटंट घेतले आणि २००२ साली ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवण्यात आल्या. शिक्षकांनी हे ज्या आदराने सांगितले तो पाहता, माझ्या अहवालावर त्यांचे काय काय अवलंबून आहे, हे मला पहिल्या होलवरच कळून चुकले.

पहिली पाच होल लवकर आटोपली. टीवरची खडी वाहून गेली होती, दोन फलक मोडले होते, चौथ्या होलच्या बास्केटभोवती गवत झिजून माती उघडी पडली होती. ही सगळी पैशाने आणि फावड्याने सुटणारी कामे होती. तिसरे होल मला विशेष आवडले. अंतर अवघे १८० फूट, पण दोन्ही बाजूंना सिल्व्हर मेपलची दाटी आणि शेवटी हलका उतार. नवशिक्याला १५०-२०० फुटांच्या पलीकडे फेकता येत नाही, त्यामुळे त्यालाही येथे बास्केट दिसते आणि आशा वाटते. जाणते खेळाडू अशा होलला कंटाळवाणे म्हणतात. सार्वजनिक उद्यानातील मैदान मात्र जाणत्यांसाठी नसते. शनिवारी दोन मुलांना घेऊन एकच डिस्क पाळीपाळीने फेकणाऱ्या कुटुंबासाठी असते. त्या मोजमापाने मी तिसऱ्या होलला मैदानातील सर्वोत्तम होल ठरवले. शिक्षकांना हे फारसे रुचले नाही.

अशा मैदानाचा नकाशा मी पाहते. पण विश्वास ठेवते तो झाडांच्या सालींवर. डिस्क कुठे जावी, हे नकाशा सांगतो; ती खरोखर कुठे जाते, ते साल सांगते. टीच्या बाजूला तोंड करून असलेल्या खोडांवर गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत आडवे ओरखडे असतात आणि ते किती जुने आहेत, याचा अंदाज बांधता येतो, कारण झाड जखम भरून काढीत नाही, तर कडेकडेने नवे लाकूड वाढवून ती झाकत आणते. जुन्या जखमेच्या कडा गोलाई घेतात आणि काळवंडतात. ताज्या जखमेत आतले फिके लाकूड दिसते. पाचव्या होलपर्यंत जुन्या आणि ताज्या जखमा सर्वत्र मिसळलेल्या होत्या. याचा अर्थ, वीस वर्षे डिस्क त्याच वाटांनी जात होत्या आणि त्या वाटांवर खेळाडूंशिवाय कोणी नव्हते.

सहावे होल हे त्या मैदानाचे भूषण होते. टी एका उंचवट्यावर, बास्केट ३१० फुटांवर नदीच्या काठाशी, उजवीकडे पाणी आणि मध्ये संपूर्ण मोकळे आकाश. फिरण्याची काँक्रीटची वाट डावीकडून येऊन शेवटच्या शंभर फुटांत फेअरवेच्या, म्हणजे टी आणि बास्केट यांच्यामधल्या खेळाच्या पट्ट्याच्या, अगदी जवळ सरकत होती आणि सगळ्या तक्रारी याच पट्ट्यातल्या होत्या. वाटेच्या पलीकडे हॅकबेरीची सात-आठ झाडे होती. मी ती खोडे एकेक करून तपासली. जखमा पुष्कळ होत्या, पण त्यांत जुनी एकही नव्हती. जवळजवळ प्रत्येक ओरखड्यात फिके लाकूड होते. एक-दोन ठिकाणी कडेने नव्या लाकडाची पातळ वळी नुकती धरू लागली होती.

हेच मला खटकले. होल वीस वर्षांचे, टी तीच, बास्केट तेच, मग वाटेपलीकडे डिस्क पोहोचू लागल्या त्या अलीकडेच कशा? शिक्षक म्हणाले, "हल्लीची पोरं फार जोरात फेकतात." ते अंशतः खरेही असेल, पण मग पाचव्या होलवर तसा फरक दिसायला हवा होता. मी पुन्हा वाटेच्या अलीकडे आले आणि गवत पाहू लागले. वाट आणि फेअरवे यांच्यामध्ये, एका रेषेत, जवळजवळ सारख्या अंतरावर जमिनीत उथळ गोल खळगे होते आणि त्यांच्यातील गवताचा रंग आजूबाजूच्या गवतापेक्षा वेगळा होता. झाड कापल्यावर बुंधा यंत्राने जमिनीखालपर्यंत दळून काढतात आणि वर माती टाकून बी पेरतात. माती खचली की असा खळगा राहतो.

"येथे झाडे होती का?" मी विचारले.

"ॲश होते," ते म्हणाले. "किडीने गेले. तोडावेच लागले."

ती कीड म्हणजे एमरल्ड ॲश बोरर हा आशियातून आलेला हिरवा भुंगा. अमेरिकेत तो २००२ साली मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ प्रथम आढळला आणि आयोवात २०१० मध्ये. त्याच्या अळ्या सालीखालचा थर पोखरतात, झाडाचा अन्नपाण्याचा प्रवाह तुटतो आणि मेलेला ॲश इतक्या लवकर ठिसूळ होतो की गावांना तो उभा ठेवणे परवडत नाही. त्यातही दैवदुर्विलास असा की एल्मची झाडे डच एल्म रोगाने गेली, तेव्हा त्यांच्या जागी मध्य-पश्चिमेतील गावांनी मोठ्या प्रमाणावर ॲशच लावले होते. दुपारी मी नगरपरिषदेच्या कचेरीत जाऊन वृक्षतोडीची नोंदवही मागवली. नदीकाठची ॲशची रांग तीन हिवाळ्यांपूर्वी तोडली गेली होती, आणि डिस्कबाबतची पहिली लेखी तक्रार त्यानंतरच्या उन्हाळ्यातली होती. दोन्ही कागद एकाच कपाटात, वेगवेगळ्या फायलींत पडून होते. झाडे तोडणाऱ्यांनी ती धोकादायक म्हणून तोडली, तक्रारी घेणाऱ्यांनी त्या खेळाडूंच्या बेपर्वाईच्या खात्यावर टाकल्या. मैदानाला भिंतीसारखी आडवी येणारी एक ओळ नाहीशी झाली आहे, याची नोंद ना इकडे होती ना तिकडे.

संध्याकाळी गावातल्या खेळाडूंचा साप्ताहिक खेळ होता. मी शिक्षकांना विनंती केली की, टीवर उभे न राहता आपण वाटेच्या कडेच्या बाकावर, पलीकडच्या बाजूला बसू या. पाहायचे होते ते एवढेच: उजव्या हाताने, हात शरीराच्या डावीकडे नेऊन फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते आणि वेग ओसरला की डावीकडे झुकत खाली येते. बहुसंख्य खेळाडू असेच फेकतात. म्हणजे सहाव्या होलवर चुकीची नव्हे, तर चांगली, जोरकस फेकसुद्धा शेवटी वाटेकडेच वळणार. पूर्वी ती ॲशच्या खोडांवर आपटून खाली पडत असे. शिवाय रांग समोर दिसत असल्यामुळे खेळाडूही डिस्क नदीच्या बाजूनेच काढीत. आता समोर सगळे मोकळे, म्हणून हात मोकळा. फेकणाऱ्यांपैकी कोणीही बेफिकीर नव्हते. वाटेवर माणूस दिसला की ते थांबत होते. पण टीवरून वाटेचा वळणामागचा भाग दिसतच नव्हता, आणि आम्ही बसलो असताना कानांत इअरफोन घातलेल्या एका बाईंच्या दहा-बारा फूट पुढे एक डिस्क येऊन घसरत गेली. त्यांना आधी ती कळलीच नाही, कारण डिस्क येताना फारसा आवाज करीत नाही.

दादरच्या शिवाजी पार्कवर एकाच वेळी क्रिकेटचे कितीतरी सामने चाललेले असतात आणि कट्ट्यावर मंडळी निवांत गप्पा मारीत असतात. तेथे बसणाऱ्याने चेंडू येणार हे गृहीत धरलेले असते, त्याचा एक डोळा मैदानावर असतो. या वाटेवर चालणाऱ्याला आपण कोणाच्या खेळात शिरलो आहोत, हेच ठाऊक नव्हते. माझ्या मते सार्वजनिक जागेतील धोक्याचा निर्णय येथेच लागतो. खेळणाऱ्याने धोका पत्करलेला असतो, चालणाऱ्याने नाही.

शिक्षक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "या बाकावर मी कधी बसलोच नव्हतो." मात्र एवढ्याने त्यांचे मत बदलले असे नाही. सहावे होल गेले तर उरलेल्या आठांवर कोणालाही पूर्ण ताकदीने फेकता येणार नाही, बेसबॉलच्या संघात न निवडली गेलेली मुले याच एका होलसाठी येतात, आणि हलवायचीच असेल तर वाट हलवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुलांचा मुद्दा मला पटला आणि तो मी अहवालात त्यांच्या शब्दांत नोंदवला. वाटेचा नाही. त्या काँक्रीटच्या वाटेवर जवळच्या वृद्धाश्रमातील माणसे चाकाच्या खुर्चीतून नदीपर्यंत येत, आणि गावात नदीपर्यंत नेणारी दुसरी सपाट वाट नव्हती.

पर्यायांचा विचार मी सविस्तर केला. जाळी लावली तर ती पूरक्षेत्रात पहिल्याच पुरात कचरा धरून आडवी होणार. टी हलवून फेकीची दिशा उजवीकडे घ्यावी, तर तेथे नदी. झाडे पुन्हा लावायचीच, आणि या वेळी एकाच जातीची नव्हे. पण डिस्क अडवण्याइतके खोड व्हायला दहा-पंधरा वर्षे सहज जातील. राहिला तो मार्ग शिक्षकांना सर्वांत नावडता होता: बास्केट १९० फुटांवर, वाट जवळ येण्याच्या आधी आणणे, टी उंचवट्यावरून काढून खाली नदीच्या बाजूला नेणे, आणि हे होईपर्यंत सहावे होल ताबडतोब बंद ठेवणे. मैदान काढून टाकण्याची गरज नाही, असे मी स्पष्ट लिहिले. ॲशची रांग तोडल्याचा आणि तक्रारींचा कालक्रम दाखवणारा तक्ता सोबत जोडला, कारण खेळाडू बेजबाबदार आहेत, या समजुतीवर ठराव मंजूर होणे मला अन्यायाचे वाटत होते.

परिषदेच्या बैठकीत एम्पोरियावाल्या सदस्यांनी विचारले की, मैदान लहान केल्यावर बाहेरगावचे खेळाडू येतील का. मी म्हटले, बहुधा नाही. शिक्षकांनी बोलण्यासाठी मिळालेल्या आपल्या तीन मिनिटांत होल बंद करण्याला विरोध केला, पण वाटेवरून टी दिसत नाही आणि टीवरून वाट, हेही स्वतःहून सांगितले. माझ्या तक्त्यापेक्षा सदस्यांवर त्याचाच परिणाम अधिक झाला, असे मला वाटते. मैदान उखडण्याचा ठराव मागे घेण्यात आला आणि बाकीच्या शिफारशी मान्य झाल्या, फक्त नव्या टीचा खर्च पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलून आधी बास्केट तेवढे हलवायचे ठरले.

त्याचा परिणाम काही आठवड्यांनी उद्यानविभागाच्या अधिकारी बाईंच्या पत्रातून कळला. बास्केट गेले तरी जुनी टी जागच्या जागी होती, त्यामुळे संध्याकाळी मुले उंचवट्यावरून पूर्वीच्या बास्केटच्या रिकाम्या जागेवर नेम धरून फेकत होती. मी उत्तरादाखल अहवालातील टी काढण्याचा परिच्छेद पुन्हा पाठवला आणि खडी उपसून तेथे बी पेरण्यासाठी नव्या टीच्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही, असे खाली लिहिले. ते काम त्याच आठवड्यात झाले, आणि खडी उपसायला शिक्षक आपले फावडे घेऊन आले होते, असे अधिकारी बाईंनी कळवले.