आजोबांच्या रिव्हॉल्वरचा माग

आमच्या घरातलं रिव्हॉल्वर सीताबर्डीच्या लढाईतलं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. लढाई १८१७ ची आणि कोल्टचं रिव्हॉल्वरचं पेटंट १८३६ चं, हे कळलं तेव्हाच त्या गोष्टीतला दम गेला. पण खरा इतिहास शोधायची वेळ आली ती काका गेल्यावर. परवाना त्यांच्या नावाचा होता आणि वारसाला हत्यार तसंच घरात ठेवता येत नाही. नागपूरच्या सदर भागातल्या एका परवानाधारक शस्त्रांच्या दुकानात ते जमा केलं, पावती घेतली आणि वारस म्हणून अर्जाची तयारी सुरू केली.

गाडी अडली ती क्रमांकावर. जुन्या परवान्यात शेवटचा आकडा ८, हत्यारावर मात्र गंजातून तो ३ दिसत होता. बनावटीच्या रकान्यात नुसतं ‘वेब्ली’, म्हणजे इंग्लंडमधल्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीचं नाव. काकू म्हणाल्या, “अवं पोरी, आता या लोखंडाची कुंडली कोन मांडून देईन?”

दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ती मांडायला शिकवलं. आधी हत्यार रिकामं असल्याची खात्री. मग वरची कळ दाबली की नळी खाली झुकते आणि गोळ्या भरायचा सिलिंडर मोकळा दिसतो. पॉलिश पेपरचं नावही काढायचं नाही, त्यांचं हे बोलणं मला फार पटलं. गंजाबरोबर शिक्केही घासले जातात आणि मग वाचायला काहीच उरत नाही. त्यांनी टॉर्च अगदी आडवा धरला, खडूची पूड बोटाने चोळली आणि कोऱ्या वाटणाऱ्या लोखंडावर अक्षरं उमटली: ‘डब्ल्यू. जी. टार्गेट मॉडेल’. सिलिंडरवरही तोच क्रमांक होता आणि तिथे गंज नव्हता. शेवटचा आकडा स्वच्छ ३. परवाना लिहिताना कुणीतरी ८ वाचला होता.

पुढचं वाचन मी घरी, फोटो मोठे करून केलं. नळी साडेसात इंचांची. वेब्लीच्या पहिल्या फौजी मॉडेलची नळी ४ इंचांची होती. इतकी लांब नळी आणि बारीक माशी (नेम धरायचं नळीच्या टोकावरचं टोक) ही नेमबाजीच्या स्पर्धेसाठी. १८९० मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धा विंबल्डनहून बिस्लीला गेल्या, त्या काळातलं हे हत्यार. ते कागदी लक्ष्यावर झाडायला घडवलं होतं, हे कळल्यावर मला तरी हायसं वाटलं. नळीवर मुकुट आणि एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड, म्हणजे बर्मिंगहॅममध्ये बंदुकांच्या नळ्या तपासणाऱ्या चाचणीगृहाचा १९०४ पूर्वीचा शिक्का. त्यानंतर तिथली चिन्हं बदलली.

खरी किल्ली मात्र वरच्या पट्टीवर होती: ‘आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.’. अधिकाऱ्यांसाठी १८७१ मध्ये निघालेली ही सहकारी सोसायटी. १८९१ पासून मुंबईतही तिचं दुकान होतं. तिच्या बंदूकविक्रीच्या वह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. क्रमांक आणि फोटो जोडून मी ईमेल पाठवला. नोंद सापडली: १९०१, टार्गेट रिव्हॉल्वर, खरेदीदार एक लष्करी अधिकारी. कामठीची छावणी इथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा तो तिथलाच असणार असं घरातल्या सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. वहीत तसं काहीच नाही, म्हणून मी ते टिपणात लिहिलं नाही.

मधेच एका नातेवाइकाने सांगितलं, ‘अँटिक आहे, परवाना कशाला?’ १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट जुन्या हत्याराला मिळते, पण ते दुरुस्त करूनही चालण्यासारखं नसेल तरच. आमचं सिलिंडर आजही खट्‌कन जागेवर बसतं. प्रश्नच मिटला.

मिस्त्रींचा तपासणीचा लेखी अहवाल, दोन्ही क्रमांकांचे फोटो आणि ग्लासगोचं उत्तर अर्जाला जोडलं. पोलीस पडताळणी झाली, परवाना मिळाला, क्रमांक दुरुस्त झाला.

आजोबांचा पहिला परवाना मध्यप्रांत व वऱ्हाडच्या छापील कागदावर आहे, १९३८ चा. १९०१ पासून तोवर ते कुणाकडे होतं, हे अजून कळायचं आहे. आजोबांच्या खरेदीच्या चोपड्या माळ्यावर सापडल्या आहेत. त्या मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी नागपूरच्या महाल भागात भेटले आहेत. त्यांच्याकडे पहिली चोपडी देऊन आले.