भिंतीला कुणी घासलं?

बदली होऊन सोलापूर जिल्ह्यात येण्याआधीची नऊ वर्षं मी राजापूर तालुक्यात शिकवलं. त्या नऊ वर्षांत सातवीचा स्थितिक विद्युतचा धडा एकदाही मनासारखा झाला नाही. धडा नेमका पावसात यायचा. दप्तरं ओली, बाकं दमट आणि मुलींच्या वेण्यांना चांगलं चोपडून खोबरेल. कंगवा कितीही घासला तरी कागदाचे कपटे ढिम्म हलायचे नाहीत. मग “पुस्तकात दिलंय तसं लिहून घ्या” म्हणायची वेळ यायची आणि ते मला फार खुपायचं. कारण साधं होतं. दमट हवेत प्लास्टिकवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि घासून साठलेला प्रभार, म्हणजे विजेचा भार, त्या थरातून निघून जातो. तेलकट केसांवर तर तो मुळात नीट तयारच होत नाही.

इथे आल्यावर मी तो धडा मुद्दाम मागे ठेवला आणि जानेवारीत घेतला. ओठ फुटतील इतकी कोरडी हवा. एका मुलाने आजोबांचं घोंगडं आणलं होतं, खरखरीत, काळं, मेंढरांचा वास येणारं. फुगा त्यावर दहा-बारा वेळा घासला आणि दोऱ्याने खिडकीच्या गजाला टांगला. दुसरा तसाच घासून शेजारी टांगला. दोन्ही फुगे एकमेकांपासून असे दूर झाले, जणू मध्ये कुणीतरी हात घातलाय. वर्ग एकदम गप्प झाला. नऊ वर्षं मी ज्याची वाट पाहिली होती, ती हीच शांतता.

घोंगड्यातले काही इलेक्ट्रॉन, म्हणजे अणूतले ऋण प्रभाराचे कण, फुग्यावर आले, म्हणून फुगा ऋण झाला आणि घोंगडं धन. दोन्ही फुगे ऋण, म्हणून एकमेकांना ढकलतात. घोंगडं जवळ नेलं की फुगा त्याच्याकडे झुकतो. सजातीय प्रभारांत प्रतिकर्षण, विजातीय प्रभारांत आकर्षण. इथवर सगळं पुस्तकासारखं झालं.

मग मी एक फुगा सोडवून भिंतीला लावला. तो चिकटून बसला. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “बाई, पण भिंतीला कुणी घासलं?”

हा प्रश्न मला धड्यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. तो टाळला तर मुलं “आकर्षण झालं म्हणजे समोरच्यावर उलटा प्रभार आहे” असं धरून बसतात. भिंतीवर तसा प्रभार नाही. कागदाच्या कपट्यांवरही नाही. तरी दोन्ही ओढले जातात.

मी आठ मुलांना एका रांगेत, एकामागे एक, उभं केलं. प्रत्येक मूल म्हणजे भिंतीतला एक अणू. पाय म्हणजे धन, डोकं म्हणजे ऋण. मी फुगा घेऊन रांगेच्या तोंडाशी आले आणि सांगितलं की पाय जागचे हलवायचे नाहीत, फक्त डोकी माझ्यापासून थोडी मागे न्या. सगळे मागे कलले. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, पण आता प्रत्येकाचे पाय मला जवळ आणि डोकं लांब. भिंतीत हेच होतं. तिथले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूतच किंचित मागे सरकतात. जवळचा धन भाग फुग्याला ओढतो, लांबचा ऋण भाग ढकलतो.

“मग ओढणं आणि ढकलणं सारखंच झालं की!” असं एक मुलगा म्हणाला. बरोबर विचारलं त्याने. इथे कूलॉमशिवाय पुढे जाता येत नाही, सातवीच्या पुस्तकात नसला तरी. या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1785 मध्ये बारीक तारेला किती पीळ बसतो यावरून हे बल मोजलं. अंतर दुप्पट केलं की बल चौथाई, तिप्पट केलं की नववा हिस्सा. म्हणजे जवळ असण्याला फार किंमत आहे. डोकं आणि पाय यांत अणूएवढाही फरक नसला, तरी जवळच्याचं बल थोडंसं जास्त भरतं आणि असे असंख्य अणू मिळून फुगा धरून ठेवतात.

म्हणून मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: प्रभार आहे की नाही याची खात्री प्रतिकर्षणानेच होते. ओढलं तर समोरचा प्रभारित असेलही, नसेलही. ढकललं तर दोघांवरही सारखाच प्रभार आहे.

प्रभार दोनच प्रकारचे कशावरून, हे सेलोटेपवर छान दिसतं. टेबलावर एक पट्टी, तिच्यावर दुसरी, अशा दोन जोड्या चिकटवायच्या. जोडी आधी टेबलावरून हळू उचलायची, तिच्यावरून बोट फिरवायचं आणि मग दोन्ही पट्ट्या झटक्यात सोडवायच्या. वरच्या दोन पट्ट्या एकमेकींना ढकलतात, खालच्या दोन एकमेकींना ढकलतात आणि वरची-खालची समोर आणली की वळून चिकटतात. धन, ऋण ही नावं अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात दिली, तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हता. तो 1897 मध्ये सापडला आणि त्याच्या वाट्याला ऋण चिन्ह आलं.

शेवटी डब्यातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा कपटा चुरगाळून वाटाण्याएवढी हलकी गोळी केली आणि दोऱ्याला बांधली. फुगा जवळ नेला. गोळी आली, फुग्याला टेकली आणि लगेच उडून बाजूला झाली. आता फुगा तिच्यामागे न्यावा तर ती पुढे पळते.

“आधी ओढलं, आता का ढकलतो?” मी विचारलं.

भिंतीचा प्रश्न विचारणारीच उठली. “टेकल्यावर तिने फुग्याचं घेतलं. आता दोघं सारखे.”

मी तिला गोळीला बोट लावायला सांगितलं. तिने लावलं, गोळीवरचा प्रभार बोटातून निघून गेला आणि गोळी पुन्हा फुग्याकडे धावली. मधली सुट्टी झाली तरी फुग्याभोवतीचा घोळका हलला नाही. ज्याचं घोंगडं होतं तो तेवढा परत परत फुगा घासून देत होता.