बिनपानांच्या झाडाचं पाणी

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, ठाणे

पाऊस गेला असं म्हणायला आता हरकत नाही. हवामान खात्याच्या हिशेबाने आपल्याकडून तो ८ ऑक्टोबरच्या सुमारास निघतो, पण निघालेला पाहुणा दारात चपला घालताना तासभर बोलतो, तसं त्याचं असतं. आज दुपारी मात्र गॅलरीत उभं राहवेना. ऑक्टोबर हीट सुरू. म्हणजे बिनपानांच्या ऑर्किडना पुन्हा हाताने पाणी द्यायचे दिवस आले.

जून ते सप्टेंबर मी त्यांना जवळपास पाणी देतच नाही. हे सांगितलं की ऑर्किडवाले दचकतात. जिकडे तिकडे सल्ला एकच: फळीवर बांधलेलं बिनपानांचं ऑर्किड आहे ना, मग रोज दोनदा फवारा मारा, हवा कायम दमट ठेवा. हा सल्ला घरात हीटर लावून राहणाऱ्यांसाठी ठीक आहे. ठाण्यात जुलैत डब्यातले पापड मऊ पडतात, इथे दमटपणा कसला आणायचा? आपल्याकडे पावसाळ्यात खरं काम असतं ते सुकवण्याचं. झड लागली की मुळं सलग ओली राहतात आणि टोकाकडून तपकिरी, मऊ पडत जातात. म्हणून पंखा. गॅलरीतला छोटा टेबलफॅन त्या महिन्यांत दिवसभर चालू असतो, आणि घरच्यांना वाटतं मी झाडांना वारा घालते आहे. घालतेच आहे.

माझ्याकडची प्रजाती कायलोशिस्टा. ईशान्येकडे सापडते, दक्षिणेकडच्या सह्याद्रीतही तिच्या जाती आहेत. मध्यभागी बोटाच्या पेराएवढंही खोड नाही आणि त्यातून चहूकडे पसरलेली चपटी, राखाडी मुळं. पावसाळ्यात कधीतरी एखादं चिमुकलं पान येतं, थोडे दिवस राहतं, गळून जातं. बिनपानांच्यांत प्रसिद्ध ते घोस्ट ऑर्किड, फ्लोरिडा आणि क्युबाच्या दलदलीतलं. तिथे ते ज्या पाँड ॲपलच्या झाडांवर वाढतं ती आपल्या सीताफळाच्या भावकीतली. पण ते ठाण्यात आणून त्याचे हाल करण्यापेक्षा आपल्या हवेत मानवणारं बरं, असं माझं मत.

आज सकाळी फळी पाण्यात बुडवली तेव्हा पुन्हा नीट बघत बसले. कोरडी मुळं चांदीसारखी दिसतात, कारण वरचं आवरण म्हणजे मेलेल्या, पोकळ पेशींचे थर. त्यांत हवा असते तोवर उजेड परततो. पाणी लागलं की आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग वर येतो, अगदी डोळ्यांदेखत. सगळं हिरवं होतं तरी मधूनमधून तुटक पांढऱ्या रेघा तशाच राहतात. त्या जागी पाणी शिरत नाही, तिथून मूळ हवा घेतं. मला आधी ती बुरशी वाटायची, बऱ्याच जणांना वाटते, आणि मग औषधं मारली जातात. काही करू नये.

पानांचं सगळं काम ही मुळंच करतात. पण पानांना असतात तशी उघडझाप करणारी रंध्रं मुळांना नाहीत. ऊन वाढलं म्हणून दार लावून पाणी वाचवावं, ही सोय नाही. त्यावर तोड अशी की हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उजेडात वापरायचा. निवडुंगाचीही हीच रीत. रात्री मुळं कोरडी असावीत म्हणून मी पाणी सकाळीच देते: मिनिटभर बुडवायची, निथळू द्यायची, दुपारपर्यंत मुळं पुन्हा चांदीच्या रंगावर यायला हवीत. संध्याकाळीही हिरवीच दिसली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी.

फळी सागाची, सुताराकडून उरलेली. पॉलिश केलेला तुकडा नको, खरबरीत हवा. ओल धरायला मुळांभोवती गुंडाळतात ते मॉस अजिबात नाही, आपल्या पावसात ते शेवाळाचं माहेरघर होतं. बांधायला तंगूस, म्हणजे मासे धरायच्या गळाचा नायलॉनचा धागा, आणि तो मुळांवरून हलका, खोडावरून नाही. मुळं लाकडाला चिकटली की तंगूस कापायचा, झाड मात्र त्या फळीवरून हलवायचं नाही. सोडवायला गेलं की सालटं निघावं तशी मुळं सोलली जातात.

येऊरच्या डोंगराची बाजू आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून दिसते. देखावा तिकडे, पण झाडं पूर्वेच्या गॅलरीत, नऊ-साडेनऊपर्यंतच्या उन्हात. पश्चिमेचं ऊन मुळं भाजून काढतं. येऊरला पावसाच्या तोंडावर सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड फुलतं, आणि फांदीसकट ओरबाडून आणणारेही दरवर्षी दिसतात. राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे ते. ऑर्किड हवंच असेल तर नर्सरीत बियांपासून वाढवलेलं मागून घ्यावं. वेळ लागतो, पण असं झाड जगण्याची शक्यताही जास्त.

शत्रू दोन. कबुतरं, ज्यांना घरट्यासाठी हीच मुळं आवडतात. जाळी लावल्यापासून तो प्रश्न मिटला. दुसरे गोगलगायी, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्या मुळाचं हिरवं, वाढतं टोकच नेमकं कुरतडतात, आणि टोक गेलं की ते मूळ तिथेच थांबतं. रात्री काकडीची चकती फळीला टेकवून ठेवायची, पहाटे टॉर्च घेऊन वेचायच्या. परवाही चार-पाच निघाल्या, पाऊस संपला तरी.

खत देते ते डब्यावर लिहिल्याच्या चौथ्या हिश्श्याहून कमी, पंधरवड्यातून एकदा, तेही टोकं हिरवी असताना. जंगलात फांदीवरून ओघळलेल्या पहिल्या पावसात जी काय धूळ, पाखरांची घाण येते, तेवढ्यावर यांचं जेवण. भरपेट वाढलं तर मुळांवर क्षार साचतात. पाणीही शक्यतो भरून ठेवलेलं पावसाचं, ते संपलं की आरओचं.

डिसेंबरात टोकं मिटतील, वाढ थांबेल. तेव्हा पाणी कमी, पण पार बंद नाही, कारण जमिनीवरून येणारं कोरडं वारं दुपारी सगळं शोषून घेतं. मग मार्चच्या आसपास लव असलेले दांडे लोंबायला लागतात आणि नखाएवढी पिवळसर फुलं येतात. आठवडाभर. आईंचं म्हणणं, एवढ्यासाठी वर्षभर काड्या कशाला सांभाळायच्या? त्यांच्या मोगऱ्यापुढे माझ्याकडे उत्तर नसतं.

दिवाळीला कोल्हापूरला जायचंय. समोरच्या ब्लॉकमधल्या मुलाला आज फळी दाखवली. इंजिनीअरिंगला आहे, वही घेऊनच आला.

"काकू, रोज किती मिली?"

"मिली नाही रे. मुळं बघ. चांदीसारखी दिसली तर बुडव, हिरवी असली तर हात लावू नकोस."

त्याला ते पटलं नाही. शेवटी ठरलं की बुडवण्याआधी आणि दुपारी एक-एक फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा. मी म्हटलं, चालेल, पण पाणी सकाळीच, कॉलेजवरून आल्यावर नाही. काकड्या फ्रिजमध्ये ठेवून जाईन.